ऐंशी टक्के म्हणजे किती?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयाच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये मी एकतीस वर्षे नोकरी केली. डॉक्टर म्हणून नव्हे, कारकून म्हणून. केसपेपर बांधायचा, त्यावर नंबर घालायचा, घोड्यावर लावायचा आणि मागितला की काढून द्यायचा, हे माझे काम. पुढे वर्षअखेरीचे तक्ते करायचे कामही माझ्याकडे आले. किती दाखल, किती बरे होऊन घरी गेले, किती दगावले. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. कागद सुटले, पण आकडा दिसला की तो उलटा करून पाहायची खोड सुटली नाही. आजचे बोलणे या खोडीबद्दलच आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. लालबागला मंडपांचे बांबू पडायला लागले होते. माझी मामेबहीण संध्याकाळी घरी आली आणि दारातच बसली. तिचा चौतीस वर्षांचा मुलगा दीड महिना रुग्णालयात होता. आतड्याला रक्त पुरवणाऱ्या नसेत गुठळी झाली, आतडे काळे पडले आणि जीव वाचवण्यासाठी ते कापून टाकावे लागले. माणसाचे लहान आतडे साधारण सहा मीटर लांब असते. दोन मीटरपेक्षा कमी उरले तर खाल्लेले पुरेसे अंगी लागत नाही. भाच्याचे अर्धा मीटरही उरले नव्हते. खाल्ले की वाहून जायचे. सगळे पोषण छातीजवळच्या मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून, पिशवीने. डॉक्टर त्याला टीपीएन म्हणतात. त्या नळीला दोनदा जंतुसंसर्ग झाला होता, दोनदा ती बदलली होती आणि आता कावीळ दिसू लागली होती.

बहिणीने पिशवीतून दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाचे माहितीपत्रक काढले. "दादा, आतडे बदलता येते म्हणतात. ऐंशी टक्के यश आहे. तू आयुष्यभर हेच आकडे लिहिलेस ना? मग सांग, ऐंशी टक्के म्हणजे किती? माझा मुलगा त्या ऐंशीत की विसात?"

दुसऱ्या प्रश्नाला जगात कुणाकडे उत्तर नाही. पहिल्याला मात्र आहे. ते काढायला मला तीन आठवडे लागले. जुन्या कालनिर्णयच्या पानामागे मी पाच प्रश्न लिहिले होते. तेच आज तुम्हाला सांगतो. प्रत्यारोपण आतड्याचे असो, यकृताचे असो की किडनीचे, प्रश्न तेच आहेत.

पहिला प्रश्न: किती जणांपैकी?

पाचांपैकी चार जगले, तरी ऐंशी टक्के. शंभरांपैकी ऐंशी जगले, तरी ऐंशी टक्केच. छापताना दोन्ही सारखे दिसतात. पण संख्याशास्त्राने हिशेब केला, तर शंभरांवरून आलेल्या ऐंशीचा खरा अर्थ ७१ ते ८७ यांच्या मधे कुठेतरी, असा होतो. पाचांवरून आलेल्या ऐंशीचा अर्थ २८ ते ९९ यांच्या मधे कुठेही! म्हणजे तो आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही. आणखी एक रुग्ण दगावला असता तर तोच आकडा साठ झाला असता. यात लबाडी नसते. नवे काम असते तिथे आकडे लहानच असणार. पण लहान आकड्याला टक्क्यांचा फेटा बांधला की तो उगाचच उंच दिसतो. म्हणून टक्के ऐकले की विचारायचे, "माणसे सांगा. किती केली, किती आहेत?"

आतड्याच्या बाबतीत तर जगभर आकडे लहानच आहेत. साऱ्या अमेरिकेत अलीकडे वर्षाला शंभरच्या आसपास आतडी बसवली जातात. किडन्या हजारोंनी होतात. कारण हा अवयव फार अवघड. आतड्यात शरीराच्या संरक्षक पेशींचा मोठा साठा असतो आणि शिवाय असंख्य जंतूंची वस्ती. परके आतडे बसवले की शरीर त्याच्यावर तुटून पडते आणि कधी कधी ते आतडेच शरीरावर उलटते. बरे, किडनी बिघडते आहे हे रक्तातल्या क्रिएटिनिनवरून कळते, तशी आतड्यासाठी एखादी सोपी तपासणी नाही. पोटावर एक तोंड काढून ठेवतात, त्यातून दुर्बीण घालून वरचेवर तुकडा तपासतात.

अमेरिकेत लिलेहाय यांनी १९६७ मध्ये माणसात आतडे बसवून पाहिले, ते टिकले नाही. पुढची वीस वर्षे जवळजवळ अपयशाचीच गेली. जपानमध्ये मातीतल्या एका जंतूपासून १९८४ मध्ये सापडलेले टॅक्रोलिमस हे औषध वापरात आले, तेव्हा कुठे १९९०च्या दशकात या शस्त्रक्रियेला बरे दिवस आले. जगभरच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्यात ८२ केंद्रांतल्या २,६९९ रुग्णांची २,८८७ प्रत्यारोपणे आहेत. एका वर्षानंतर ७६ टक्के रुग्ण हयात, पाच वर्षांनंतर ५६ टक्के आणि दहा वर्षांनंतर ४३ टक्के. हा आकडा मी मोठ्या अक्षरात लिहून घेतला. जगाचा आकडा हा आपला गज. कुणी याच्या फार वरचा आकडा सांगितला, तर आनंद मानण्याआधी मोजण्याची पद्धत विचारायची.

दुसरा प्रश्न: यश कशाला म्हणता?

हा प्रश्न आपल्या परळला नवा नाही. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातले पहिले हृदयप्रत्यारोपण केले. दक्षिण आफ्रिकेत डॉ. बर्नार्ड यांनी जगातले पहिले केले त्याला अडीच महिनेही झाले नव्हते. बसवलेले हृदय धडधडले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणायची की नाही? रुग्ण तीन तासांत गेला. त्याच वर्षी दुसरे केले, तो रुग्ण सुमारे चौदा तास जगला. सेन यांच्या हिमतीबद्दल आणि हाताबद्दल कुणाला शंका नव्हती. पण त्या काळची औषधे, नंतरची देखभाल, कायद्याची चौकट, यातले काहीच तयार नव्हते. मेंदू मृत झाला म्हणजे माणूस मृत, हे आपल्या कायद्यात १९९४ साली आले. केईएममध्ये पुन्हा हृदय बसवले गेले ते २०२४ साली, छप्पन्न वर्षांनी. तात्पर्य, शस्त्रक्रिया वेगळी आणि प्रत्यारोपणाचा कार्यक्रम वेगळा. लग्न लागणे वेगळे आणि संसार वेगळा, तसे.

तेव्हा यश म्हणजे काय, हे खोदून विचारावे. टेबलावरून उतरला म्हणजे यश? घरी गेला म्हणजे? वर्षभर जगला म्हणजे? आणखी एक भेद आहे. रुग्ण जगणे वेगळे आणि बसवलेला अवयव टिकणे वेगळे. आतडे काढून टाकावे लागले, पण रुग्ण पुन्हा पिशवीवर जगतो आहे, असेही होते. आणि आतड्याच्या रुग्णाला आणखी एक गोष्ट विचारलीच पाहिजे: नळी सुटली का? तोंडाने खाऊन वजन राहते का? भाच्याच्या लेखी यश म्हणजे तेच होते.

तिसरा प्रश्न: कधीपासून मोजले, आणि गळाले कोण?

समजा, एका रुग्णालयाने दोन वर्षांत दहा प्रत्यारोपणे केली. दोघे गेले, एक पाचव्या महिन्यात, एक नवव्या. आठ हयात. ऐंशी टक्के. पण त्या आठांपैकी चौघांची शस्त्रक्रिया गेल्या तीन महिन्यांतली असेल, तर? ते अजून परीक्षेला बसलेलेच नाहीत, आणि आपण त्यांना पास धरले. ज्यांना वर्षभर जगून दाखवायची संधी मिळाली ते सहाच. त्यांतले चार आहेत. म्हणजे सदुसष्ट टक्के. यात खोटे कुणी बोललेले नाही, तरी ऐंशीचे सदुसष्ट झाले. हा हिशेब नीट कसा करायचा, ते कापलान आणि मायर या दोन अमेरिकनांनी १९५८ मध्ये दाखवून दिले. जो रुग्ण जितके दिवस नजरेखाली होता, तितकेच दिवस त्याला हिशेबात धरायचे. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने २००० साली आतड्याच्या प्रत्यारोपणाचा खर्च द्यायचे ठरवले, तेव्हा केंद्रांना अट घातली: वर्षाला किमान दहा प्रत्यारोपणे, आणि एका वर्षानंतर किमान ६५ टक्के रुग्ण हयात, तेही याच पद्धतीने मोजलेले.

आणि गळालेले? ते माझ्या अनुभवातले. आमच्या रजिस्टरात एक रकाना होता, "पुढील भेट". रुग्ण आला नाही की तिथे लिहायचे, "आला नाही". १९८२च्या संपानंतर गिरणगावातले कितीतरी लोक गावी निघून गेले. कुणी राजापूरला, कुणी साताऱ्याकडे. त्यांच्या केसपेपरवर "आला नाही" लिहून लिहून शाईचे पेन संपले. वर्षअखेरीला वरून सांगणे यायचे की, आला नाही म्हणजे बरा असणार, बऱ्यांत धरा. एका वर्षी मला राहवले नाही. एका वॉर्डातल्या अशा रुग्णांना मी पदरच्या पैशांनी जोडकार्डे पाठवली. बरीच कोरी परत आली, पत्ता सापडला नाही म्हणून. जी भरून आली त्यांतल्या काहींवर मुलाचे अक्षर होते, काहींवर शेजारच्या गुरुजींचे. "ते गेले. तुम्ही आठवण ठेवली, आभारी आहोत." त्या दिवसापासून "आला नाही" हे शब्द मला निरोगी वाटत नाहीत.

पुढे वाचनात आले की हे माझ्या आधी एका मोठ्या माणसाने केले होते. बॉस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन. प्रत्येक रुग्णाचे कार्ड ठेवायचे, वर्षाने त्याला गाठायचे आणि शस्त्रक्रियेचा उपयोग झाला की नाही ते लिहायचे, नसेल झाला तर का, हेही लिहायचे. मोठ्या रुग्णालयाला हे रुचले नाही. कॉडमन यांनी स्वतःचे लहान रुग्णालय काढले आणि १९११ ते १९१६ या काळातल्या ३३७ रुग्णांत आपल्याकडून झालेल्या १२३ चुका छापून प्रसिद्ध केल्या. धंदा बसला. पण आज रुग्णालयांचे निकाल तपासण्याची जी शाखा आहे, तिचा मूळपुरुष म्हणून नाव त्यांचेच घेतात.

चौथा प्रश्न: कसले रुग्ण घेतले?

दादरला क्लासेसच्या जाहिराती पाहता ना? नव्वद टक्क्यांवरच्या मुलांचे फोटो ओळीने. पण त्या क्लासने आत घेतानाच पंच्याऐंशीच्या वरची मुले घेतली असतील, तर शिकवण्याची थोरवी कितीशी? रुग्णालयाचे तसेच. फक्त तरुण, यकृत शाबूत असलेले, घरून चालत आलेले रुग्ण घेतले तर निकाल चांगला दिसणारच. जे रुग्णालय दुसऱ्यांनी परत पाठवलेला, काविळीने पिवळा झालेला रुग्ण घेते, त्याचा आकडा खाली येणार. म्हणून अमेरिकेत प्रत्येक प्रत्यारोपण केंद्राचे निकाल दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध होतात, तेव्हा नुसते किती जगले एवढेच देत नाहीत. अशा प्रकृतीचे रुग्ण असताना किती जगायला हवे होते, तो अंदाजही शेजारी देतात. आणि यादीवर वाट पाहताना किती गेले, तेही. याचा एक तोटाही तिथे चर्चेत असतो. निकाल बिघडेल या धास्तीने अवघड रुग्ण नाकारले जाण्याचा. मोजमाप झाले की माणसे मोजमापासाठी वागू लागतात, हे रेकॉर्ड सेक्शनमध्येही मी पाहिले आहे.

आपल्याकडे अवयववाटपाची व्यवस्था आता चांगली बसली आहे. मुंबईचे समन्वय केंद्र आहे, पश्चिम विभागाचे कार्यालय केईएमच्याच आवारात आहे. किती दाते झाले, किती अवयव बसवले, ते जाहीर होते. परळच्या ग्लोबल, म्हणजे आताच्या ग्लेनईगल्स रुग्णालयात लहान आतड्याची प्रत्यारोपणे झाली आहेत. पण बसवल्यानंतर वर्षाने, पाच वर्षांनी काय झाले, हे रुग्णालयवार, जोखीम लक्षात घेऊन मांडलेले, माझ्या बहिणीसारख्या बाईला उघडून पाहता येईल असे कुठे मिळत नाही. बोर्डाच्या परीक्षेचा शाळावार निकाल आपण मागतो. हा का मागू नये?

पाचवा प्रश्न: नाही केले तर काय?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि विचारायला सगळे विसरतात. ऐंशी टक्के चांगले की वाईट, हे दुसऱ्या पारड्यात काय आहे त्यावर ठरते. ज्याचे शिरेवाटे पोषण सुरळीत चालले आहे त्याला जगभर कुणी घाईने आतडे बसवत नाही, कारण तो पिशवीवर वर्षानुवर्षे जगू शकतो. यकृत बिघडू लागले, नळ्या घालायला शिरा उरल्या नाहीत, नळीचा संसर्ग पुन्हा पुन्हा जिवावर बेतू लागला, तरच प्रत्यारोपणाचा विचार. पण इथे एक मेख आहे. हे "वर्षानुवर्षे" तिकडचे आहे. तिथे पिशवी घरपोच येते, विमा पैसे भरतो, नर्स येऊन शिकवते. आपल्याकडे रोजचा खर्च हजारांत, आणि दहा बाय बाराच्या खोलीत नळी निर्जंतुक ठेवायची. म्हणजे परदेशातल्या पुस्तकातले पारडे आपल्या तराजूला जसेच्या तसे लागत नाही.

हे पाच प्रश्न घेऊन बहीण, भाचा आणि मी त्या रुग्णालयात गेलो. सर्जन तरुण होते. मला वाटले, रागावतील. त्यांनी माझा कागद वाचला, हसले आणि म्हणाले, "काका, बसा." मग स्वतःच्या हाताने लिहून दिले. एकूण पाच. चार हयात. त्यांपैकी वर्ष पूर्ण झालेले दोनच. माहितीपत्रकातला आकडा त्यांनी खोडला नाही, पण म्हणाले, "तो मी लिहिलेला नाही. मी तुम्हाला ऐंशी म्हणणार नाही. जगाचा आकडा पंचाहत्तरच्या आसपास आहे. आम्ही तिथवर पोहोचायचा प्रयत्न करतो आहोत."

मी विचारले, "जो गेला, तो कसा गेला?"

ते थांबले. मग अर्धा तास बोलले. कितव्या दिवशी ताप आला, काय वाटले, काय करायला उशीर झाला, त्यानंतर पद्धतीत कोणते बदल केले. नाव नाही घेतले, पण त्या रुग्णाचा दिवस नि दिवस त्यांना पाठ होता. बाहेर आल्यावर बहीण म्हणाली, "दादा, मला टक्के काही कळले नाहीत. पण हा माणूस गेलेल्याला विसरलेला नाही." श्रोतेहो, एकतीस वर्षांत मी केलेल्या सगळ्या तक्त्यांपेक्षा हे निदान जास्त चांगले होते.

निर्णय भाच्याने स्वतः घेतला. त्याचे यकृत बिघडत होते, दोन शिरा बंद झाल्या होत्या. दुसरे पारडे वर गेलेले होते. यादीत नाव लागले. चार महिन्यांनी दाता मिळाला. एका अनोळखी घरावर कोसळलेल्या दुःखात त्या माणसांनी हो म्हटले. आतडे फार वेळ बाहेर टिकत नाही, सहा-आठ तासांत बसवावे लागते. रात्री दोनला फोन आला तेव्हा गाडी नव्हती, शेजारच्या टॅक्सीवाल्याने नेले.

पुढचे सगळे गोड नाही. दोनदा शरीराने आतडे नाकारायचा प्रयत्न केला. एकदा तीन आठवडे अतिदक्षता विभाग. रुग्णालयाजवळ भाड्याची खोली घेऊन बहीण सात महिने राहिली. घरातले सोने गेले, गावची जमीन गहाण पडली. टक्क्यांत हा खर्च कुठेच दिसत नाही, म्हणून तोही विचारून घ्यावा. आज शस्त्रक्रियेला चौदा महिने झाले. नळी सुटली आहे. वजन बावन्न किलो आहे. जेवतो, थोडे थोडे, दिवसातून सहा वेळा. औषधे आयुष्यभर आहेत आणि पुढचे कुणी सांगू शकत नाही. पाच वर्षांचा छप्पन्न टक्क्यांचा आकडा त्यालाही माहीत आहे. तो त्यानेच मला विचारून घेतला.

गेल्या महिन्यात तपासणीची तारीख होती. बहीण म्हणाली, "बरा आहेस, गाडीभाडे कशाला घालवतोस? पुढच्या महिन्यात जा." भाचा म्हणाला, "आई, मी गेलो नाही तर ते लिहितील 'आला नाही'. मामाने काय सांगितले ते विसरलीस?" आणि गेला.

तुम्हाला माझी विनंती एवढीच. डॉक्टरांना प्रश्न विचारा, अदबीने विचारा, पण विचारा. टक्के नकोत, माणसे मागा. आणि तुमच्या घरात कुणाची मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर बरे वाटत असले तरी तपासणीला जा. देव न करो, पण माणूस गेला असेल, तर तेही त्या रुग्णालयाला एका ओळीने कळवा. रागाने नव्हे, नोंद म्हणून. तुमच्यानंतर कुणीतरी बाई तिथे जाऊन विचारणार आहे, ऐंशी टक्के म्हणजे किती. तिला खरे उत्तर मिळायचे, तर त्या रकान्यात काहीतरी लिहिलेले असले पाहिजे.